उचिरा

“शित्तोरु,” एवढंच म्हणाली ओबाचान, दुकानाची म्हातारी मालकीण. मग माझ्यापुढ्यातल्या ओकोनोमियाकीवर, म्हणजे तव्यावरच्या जाडजूड धिरड्यावर, उलथणं उभं धरून खाट् खाट् चार घाव घातले, तुकडे माझ्याकडे सरकवले आणि ती भांड्यांकडे वळली. शित्तोरु म्हणजे ‘माहितेय’. पुण्यात आम्हाला शिकवलं होतं ते ‘शित्तेइरु’. हिरोशिमाकडच्या बोलीत त्याचं शित्तोरु होतं, आणि ते ऐकलं की एरवी मला गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं. त्या दिवशी नाही वाटलं. आगाऊपणा माझाच होता. डिसेंबर २०१५. बेसबॉलचा मोसम संपलेला, बाहेर बारीक थंड पाऊस, दुकानात मी एकटीच गिऱ्हाईक. ओबाचान कोपऱ्यातल्या टीव्हीकडे बघत नेहमीसारखं ‘उचिरा नो काप’ असं काहीतरी पुटपुटत होती. काप म्हणजे हिरोशिमा टोयो कार्प, शहराची बेसबॉल टीम, आणि ‘उचिरा नो’ म्हणजे आमची किंवा आपली. पाहुण्यांसाठी शहराच्या माहितीचं भाषांतर करताना मी आदल्याच आठवड्यात टीमचे शेअर कुणाकडे आहेत ते वाचलं होतं. ते मी तिला ऐकवलं. म्हटलं, पण ओबाचान, कागदावर पाहिलं तर टीम मात्सुदा घराण्याची आहे, आणि काही हिस्सा माझदा कंपनीचा. शहराची नाही. लोकांची तर नाहीच.

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

मी दुभाषी. पुण्यात जपानी शिकले, तिथल्याच एका कारखान्यात चिकटले, आणि २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं त्यांनी मला हिरोशिमाला धाडलं. दुभाष्याचं डोकं सुट्टीच्या दिवशीही बंद होत नाही. समोरचा बोलतो त्याचं मराठी आत कुठेतरी होतच राहतं, नको असलं तरी. आणि ‘उचिरा’पाशी माझं रोज अडायचं. उचि म्हणजे घर, आतली बाजू. पश्चिम जपानातल्या बायका स्वतःलाही उचि म्हणतात. उचिरा म्हणजे आम्ही. की आपण? जपानीला त्याचं काही पडलेलं नाही, मराठीला आहे. ‘आमची टीम’ म्हटलं की ऐकणारा उंबऱ्याबाहेर. ‘आपली टीम’ म्हटलं की तोही चपला काढून आत. ओबाचान मला नक्की काय म्हणत होती? वाक्य कानावर आलं की मी ते मनातल्या मनात दोन्ही तऱ्हांनी करून बघायचे आणि कुठलंच पक्कं करायचे नाही. इंग्रजीत किंवा हिंदीत करायचं असतं तर हा घोळच झाला नसता.

दुकान म्हणजे रेल्वेलाइनजवळच्या गल्लीतली एक खोली. लांबलचक लोखंडी तवा, त्याच्या काठाशी आठ स्टुलं. गिऱ्हाईक तव्यासमोर बसतं आणि छोट्या उलथण्यानं थेट तव्यावरूनच खातं. हिरोशिमावाले ओसाकासारखं सगळं एकत्र कालवत नाहीत. आधी धिरड्याहून पातळ असा पिठाचा गोल, त्यावर कोबीचा हा एवढा डोंगर, मोड आलेले लांब मूग, डुकराच्या मांसाच्या पट्ट्या, शेजारी परतून घेतलेल्या नूडल्स, शेवटी फोडून पसरलेलं अंडं आणि वर गोडसर काळा सॉस. सॉस तव्यावर ओघळला की चर्र होऊन जो वास सुटतो, तो दोन दिवस ओढणीतून जात नाही. मी पहिल्या दिवशी ‘निकु नुकि’, म्हणजे मांस वगळून, मागितलं तेव्हा ओबाचाननं असं पाहिलं की मी पुरणाशिवाय पुरणपोळी मागितली असावी. पण करून दिली. कोबी दुप्पट घातला. भिंतींवर तेलकट झालेली लाल पोस्टरं होती, आणि त्यांच्यात एक फ्रेम, ताकाहिरो आराईची. आराई कार्पचा खेळाडू, मूळ हिरोशिमाचाच. २००७ चा मोसम संपल्यावर तो हानशिन या दुसऱ्या टीमकडे गेला, रडत रडत गेला, तरी गेला. त्या दिवशी ओबाचाननं ती फ्रेम भिंतीकडे तोंड करून टांगली. काढून टाकली नाही, उलटी केली. २०१५ मध्ये तो परत आला तेव्हा सुलटी केली. मला तिनं फ्रेम खाली काढून मागचा पुठ्ठा दाखवला होता: सात वर्षं तो पुठ्ठा दुकानाकडे तोंड करून होता, त्यामुळे त्याच्यावर धुराचा आणि तेलाचा जाड पिवळा थर बसलेला. पुढून आराई मात्र कोरा करकरीत.

जपानमधल्या बहुतेक टीमच्या नावातच मालक असतो. योमिउरी वर्तमानपत्र, हानशिन रेल्वे, सॉफ्टबँक, राकुतेन, निप्पोन हॅम (हे खरोखरच हॅम विकतात) आणि याकुल्ट, ज्यांची चिमुकली बाटली आता पुण्यातल्या फ्रिजमध्येही दिसते. १९४९ च्या शेवटी हिरोशिमानं टीम उभी केली तेव्हा तिच्यामागे असं कुणीच नव्हतं. बॉम्ब पडून चार वर्षं झाली होती. पंचाहत्तर वर्षं इथं काही उगवणार नाही, अशी बोलवा होती. अशा गावानं बेसबॉलची टीम काढायची! नाव कार्प, म्हणजे कोइ मासा, कारण तिथल्या किल्ल्यालाच कोइचा किल्ला म्हणतात. आधी ‘कार्प्स’ ठरलं होतं, मग कुणीतरी लक्षात आणून दिलं की इंग्रजीत या माशाचं अनेकवचन वेगळं होत नाही. हे मला फार आवडतं. एक असला तरी कार्प, स्टेडियमभर असले तरी कार्प. १९५० चा पहिला मोसम: ४१ जिंकले, ९६ हरले, सगळ्यांत तळाला. १९५१ चा मार्च उजाडला तोवर पगार थकलेले, आणि शिमोनोसेकीच्या तायो टीममध्ये विलीन होण्याचं जवळजवळ ठरलेलं. तायोच्या टीमचं नाव व्हेल्स. म्हणजे देवमासा कोइला गिळणार होता. टीमचे पहिले मॅनेजर शुइचि इशिमोतो हिरोशिमाचेच. ते अडून बसले. गावोगाव, कारखान्या-कारखान्यांत समर्थक मंडळं काढू, वर्गणी जमवू, पण टीम द्यायची नाही. मैदानाच्या दाराशी साकेचं रिकामं लाकडी पिंप ठेवलं. येणाऱ्याजाणाऱ्यानं जमेल ते टाकायचं. याला तारु-बोकिन म्हणतात, पिंपातली वर्गणी. टीम तगली.

हे सगळं मला वाचून माहीत होतं. ओबाचानकडून ऐकलं ते पुढच्या वसंतात, सामना पावसानं रद्द झाला त्या संध्याकाळी. पिंपाच्या त्या दिवसांत ती दहा-अकरा वर्षांची असेल. वडिलांचं बोट धरून मैदानापर्यंत गेली होती. आता ही सांगणार की वडिलांनी तळहातावर नाणं ठेवलं आणि हिनं टाचा उंचावून ते पिंपात टाकलं. त्याचं मराठी मी मनात तयारसुद्धा ठेवलं होतं, नाण्याच्या आवाजासकट. तर ती म्हणाली, आम्ही काही टाकलं नाही. नव्हतेच. तिकिटाचेही नव्हते, बाहेरूनच आरडाओरडा ऐकला. पण पिंपाला अजून साकेचा वास येत होता. वडील म्हणाले, वास घे पोट भरून, तो फुकट आहे. हे सांगताना ती इतकी हसली की तिला उलथणं खाली ठेवावं लागलं.

मग तुमची कशी, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण एकदा शहाणपणा करून झाला होता.

माझ्या वडिलांकडे एका सहकारी साखर कारखान्याचा शेअर होता. पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली, जाडसर हिरवट कागदावर. सभासद क्रमांक, गोल शिक्का, खाली दोन न वाचता येणाऱ्या सह्या. दिवाळीच्या आधी सभासदांना सवलतीच्या दरात साखर मिळायची. ती आणायला ते सायकल घेऊन जायचे आणि कॅरिअरला पोतं बांधून यायचे. घरात चार दिवस पिशवीच्या सुतळीचा वास. म्हणजे कायद्यानं माझे वडील कारखान्याचे मालक, हजारोंपैकी एक, पण मालक. आणि ‘आमचा कारखाना’ हे शब्द मी जन्मात त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत. ते म्हणायचे, ‘त्यांचा कारखाना’. ‘त्यांच्या कारखान्यानं यंदा भाव पाडला.’ ‘त्यांच्या कारखान्याची टोळी अजून आली नाही, ऊस वाळायला लागला.’ ते म्हणजे कोण, हे घरात कुणाला सांगावं लागायचं नाही. वार्षिक सभेला ते एकदाच गेले. मंडपात मागच्या रांगेत बसले, मंजूर मंजूर म्हणून हात वर झाले, जेवून परत आले. जेवणात जिलेबी होती, एवढाच सभेचा वृत्तान्त आम्हाला मिळाला. ओबाचानच्या तव्यासमोर बसून मला तो हिरवा कागद आठवला, आणि मी कुठल्या तोंडानं तिला शेअर कुणाचे ते सांगायला गेले होते, असं झालं.

तरी मी काही भाबडी झाले नाही. पिंपातल्या पैशांनी कुणाला एक शेअरही मिळाला नव्हता. जुनी कर्जं इतकी झाली की पाच-सहा वर्षांतच पहिली कंपनी गुंडाळून स्थानिक उद्योगांनी नवी उभारली. १९५७ मध्ये शहराचं नवं स्टेडियम झालं, अणुबॉम्बनंतर उरलेल्या त्या घुमटाच्या अगदी समोर, मध्ये फक्त ट्रामचा रस्ता. त्यालाही स्थानिक कंपन्यांच्या देणग्या होत्या. १९६० चं दशक संपता संपता टीम तोयो कोग्योकडे गेली, म्हणजे आताच्या माझदाकडे. नावात ‘टोयो’ घुसला तो तिथून. बाकीच्या टीमना तोटा झाला की मूळ कंपनी भरून देते. इथं तसं नाही. टीमनं स्वतःचं स्वतः कमवायचं. १९७५ पासून चाळीसहून जास्त वर्षं कार्प सलग नफ्यात राहिली, आणि त्यासाठी शहरातलं जे जे लाल करता येईल ते केलं गेलं: टोप्या, टॉवेल, सॉसच्या बाटल्या, स्टेशनजवळचं एक लॉसन दुकानसुद्धा. प्रेमाची अशी ठोक आणि किरकोळ विक्री बघून मला कधी कधी कसंसंच व्हायचं. आणि तसं वाटत असताना माझ्या गळ्यात लाल टॉवेल असायचा, चांगला महागातला. दुसरी बाजू म्हणजे हात आखडता. तयार झालेला खेळाडू फ्री एजंट झाला, म्हणजे हवी ती टीम निवडायला मोकळा झाला, की श्रीमंत टीमकडे जाणार, हे ठरलेलं. आराईच्या आधी तोमोआकि कानेमोतो गेला होता, तोही हानशिनलाच. ओबाचान मालकांना चिकट म्हणायची. पण दुसऱ्या कुणी, विशेषतः तोक्योहून आलेल्या गिऱ्हाइकानं म्हटलं की तिला खपायचं नाही.

घुमटासमोरचं ते जुनं स्टेडियम मी पाहिलं तेव्हा तिथं मोकळं मैदान होतं आणि उजव्या बाजूच्या बाकांचा एक तुकडा तेवढा आठवण म्हणून ठेवलेला. नवं स्टेडियम २००९ मध्ये स्टेशनच्या पलीकडे झालं. त्याच्या वेळी लोकांनी पुन्हा पिंपं काढली आणि १० कोटी येनच्या वर जमवले. या वेळी उपाशी खेळाडूंचा प्रश्न नव्हता, तरी पिंप. ओबाचाननं यात किती टाकले हे मी विचारलं नाही. तिनं आपण होऊन सांगितलं, दोनदा टाकले. एकदा स्वतःचे आणि एकदा वडिलांचे.

मी पहिल्यांदा सामना पाहिला तो ऑफिसातल्या लोकांबरोबर. बेसबॉल मला तेव्हा कळत नव्हता. क्रिकेटवाल्याला पहिला तास असा जातो की अरे हा मारलेला चेंडू का मोजत नाहीत. पण आवाज कळला. कर्णे, ढोल, आणि लाकडी शामोजि, म्हणजे भात वाढायचे चपटे डाव, एकमेकांवर आपटून केलेला कोरडा टक्‌टक्‌टक्‌. हिरोशिमाशेजारच्या मियाजिमा बेटाची ती खासियत. घोषणा द्यायची पद्धत अशी की एक गट उभा राहतो तेव्हा शेजारचा बसतो, मग उलट, आणि असं सामना संपेपर्यंत. दुसऱ्या दिवशी माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. शेजारी सत्तरीचे एक आजोबा एकही उठबस न चुकवता, मध्येच माझ्याकडे बघून ‘हं, आता तू’ अशी खूण करत होते. ते काय बोलले ते त्या गोंगाटात ऐकू आलं नाही, त्यामुळे भाषांतराचा प्रश्न आला नाही. माझी दोन वर्षांतली सगळ्यांत मोकळी संध्याकाळ तीच असावी.

२०१६. पंचवीस वर्षं लीग जिंकली नव्हती. ज्या हिरोकि कुरोदानं अमेरिकेतल्या कितीतरी मोठ्या रकमा सोडून म्हातारपणी (म्हणजे खेळाडूच्या हिशेबानं, चाळिशीत) परत येणं पसंत केलं, तोच १० सप्टेंबरला तोक्यो डोममध्ये पिचिंगला. जिंकल्यावर तो आणि आराई एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. आम्ही दुकानात तव्यासमोर उभे होतो, ओबाचान तव्याच्या पलीकडून कधी अलीकडे आली कळलं नाही. नंतर होन्दोरिच्या बाजारपेठेत गेलो तर अनोळखी माणसं रांगा करून एकमेकांना टाळ्या देत होती. जी जपानी माणसं ट्राममध्ये कोपर लागलं तर तीनदा माफी मागतात, ती. माझे तळवे लाल झाले.

मग ऑक्टोबर. जपान सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम लढत, आधी चार सामने जिंकेल तो विजेता. समोर निप्पोन हॅम. पहिले दोन सामने हिरोशिमात जिंकले, पुढचे तिन्ही सप्पोरोत हरले. २९ तारखेला सहावा, घरी. सातवा झाला असता तर कुरोदा टाकणार होता, आणि तो त्याचा शेवटचा ठरणार होता, कारण निवृत्ती त्यानं आधीच जाहीर केली होती. आठव्या इनिंगपर्यंत ४-४. मग दोन बाद असताना बेस भरले, आणि एकामागून एक सहा धावा गेल्या. १०-४. दुकान गच्च भरलेलं, आणि कुणी काही बोलेना. तव्यावर कुणाची तरी अर्धी ओकोनोमियाकी करपत होती, तिचा धूर सरळ वर जात होता. ओबाचाननं गॅस बंद केला. रिमोट घेऊन आवाज बारीक केला, टीव्ही मात्र तसाच ठेवला. आणि कुणाकडेच न बघता म्हणाली, “माकेता नेए.”

माकेता. क्रियापद तेवढं. कोण, ते जपानीत सांगावं लागत नाही, क्रियापदाला माणूस चिकटवायची सोयच नाही. कुरोदा, टीम, गाव, पिंपाचा वास घेणारी मुलगी, कुणीही त्या एका शब्दात मावतं. मराठीत मला एक अक्षर निवडायचं होतं. हरली की हरलो. मी “एए” म्हटलं, म्हणजे ‘हो’, आणि भाषांतर तसंच सोडून दिलं. नोकरीत असं केलं असतं तर साहेबांनी झापलं असतं.

२०१७ च्या वसंतात परत आले. निघताना ओबाचाननं लाल दांड्याचा एक शामोजि दिला. तो पुण्यातल्या घरी भात वाढायला वापरतो. आईला तो फार सोयीचा वाटतो, कुकरच्या डब्याचे कोपरे निघतात म्हणे. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या नावानं जी जपानी बाग आहे, तिथं अधूनमधून जाते आणि तळ्याच्या काठाशी उभी राहते. ओकायामा म्हणजे हिरोशिमाच्या शेजारचाच प्रांत.

२०२४ मध्ये आराई स्वतः टीमचा मॅनेजर होता. तोच, उलट्या फ्रेमचा. ऑगस्टअखेरपर्यंत टीम पहिल्या नंबरावर, आणि सप्टेंबरात अशी घसरगुंडी की सांगता सोय नाही: महिन्याभरात ५ जिंकले, २० हरले, थेट चौथ्या नंबरावर. तिकडचे रात्रीचे सव्वानऊ म्हणजे इथले पावणेसहा, त्यामुळे रोज नेमका चहाच्या वेळी मोबाइलवर निकाल यायचा. गणपतीचे दिवस. खाली मंडळाचं ढोलपथक सराव करत होतं, आई ओट्याशी मोदकाची उकड मळत होती, कोपरापर्यंत तांदळाचं पीठ. स्कोअर बघून मी मोबाइल पालथा ठेवला. तेवढा आवाज तिला ऐकू गेला असावा.

“काय गं?”

“हरलो.”

आई मळायची थांबली. दोन्ही हात परातीत तसेच. “अगंबाई,” ती म्हणाली, “आज मॅच होती आपली?”